दोन बिस्किटी साड्या

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी माझ्या वहिनींसाठी बिस्किटी रंगाची साडी घेतली. त्यांना विचारलं नाही. घरातल्या एकवीस बायकांसाठी पिवळ्या घेतल्या, वहिनींसाठी बिस्किटी, आणि घेताना आपण फार समजूतदार माणूस आहोत असं मला वाटत होतं. ही माझी चूक. पुढे पाऊस येईल, दुकानदार येईल, कापडाचा दर्जा येईल, पण त्यांच्या आड लपायचं नाही असं ठरवून लिहितो आहे. मी जळगावात मास्तर आहे. मुलांना 'कारणं सांगू नका' म्हणण्यात माझी पंचवीस वर्षं गेली.

आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्या वाचकांना इतकंच सांगतो की रविवारी देवी बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते, आणि त्यासाठी भाऊबंदकीतला जो जिथे असेल तिथून येतो. सुरतेचे येतात, पुण्याचे येतात, एकमेकांशी बोलत नसलेलेही येतात आणि न बोलता शेजारी बसून प्रसादाचे रोट खातात. आमची कानबाई धुळ्याला चुलतभावाकडे बसते. गेल्या दहाबारा वर्षांत त्यात एक नवा नेम शिरला आहे. मिरवणुकीत घरातल्या सगळ्या बायकांनी एकसारखी साडी नेसायची. याला शास्त्रात आधार नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यात आहे.

त्या साड्या निवडायचं काम वहिनींचं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भावाला मी नाना म्हणत असे. त्यांचं घर धुळ्यातच, आणि घरात वहिनींचं फॉल-पिकोचं मशीन. निम्म्या गल्लीच्या साड्या त्यांच्या हाताखालून जायच्या, त्यामुळे कापड त्यांना फसवू शकत नसे. दुकानात गेल्यावर त्या गादीवर बसत नसत. बसलं की माणूस घेतोच, असं त्यांचं म्हणणं. पदर आधी गालाला लावून बघायचा. मग पिशवीतून पांढरा रुमाल काढायचा, त्याचं टोक ओलं करायचं आणि काठावर घासायचं. रुमालाला रंग लागला की साडी परत. दुकानदाराने आईची शपथ घेतली तरी वहिनी रुमालाचंच ऐकत. त्यातून एखादी टिकली तर ती घेऊन सरळ रस्त्यावर, उन्हात. दुकानदार बिचारा पायऱ्यांपर्यंत मागोमाग येई.

नाना तोवर समोरच्या टपरीवर चहा पीत बसत. 'झालं का?' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. एकदा मी सोबत होतो. तिसरं दुकान चालू होतं आणि मला भूक लागली होती.

"नाना, वहिनी साडी घेतात की शेत?"

"शेत मी लिधं व्हतं," नाना म्हणाले. "पानी लागनं नही. तिनी लियेल साडी एक बी वाया गई नही."

वहिनींच्या स्वतःच्या साड्या महागाच्या नसत. पण पोपटी साडीवर गर्द जांभळं पोलकं, राणी रंगावर मोरपंखी, असं त्या नेसत. हल्ली दुकानात ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि वर शिलाई जास्त लावतात, त्याला वहिनी वीस वर्षांपूर्वी 'उरेल कापडमा भागाडं', म्हणजे उरलेल्या कापडात भागवलं, म्हणायच्या. शेजारणी साखर मागायच्या निमित्ताने येऊन त्यांच्या पोलक्याची बाही बघून जात. काही जणी साखर न घेताच जात.

नाना गेले त्याला त्या श्रावणात दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात वहिनी काय नेसत होत्या हे मला आठवत नाही. बायकांच्या कपड्यांकडे आपलं लक्ष नसतं याचा मला अभिमान होता. मी दहावीला इतिहास शिकवतो. समाजसुधारणेचा धडा मी इतका तन्मयतेने शिकवतो की मागच्या बाकावरची मुलंही गप्प होतात. विधवांच्या हालांवर बोलताना माझा आवाज दर वर्षी त्याच वाक्याला भरून येतो. महिला दिनाचं भाषणही शाळेत माझ्याकडेच असतं. त्या दिवशी आमच्याकडे पुरुष शिक्षक बोलतात आणि शिक्षिका पोह्यांचं बघतात.

तर साड्या कोण घेणार हा प्रश्न आला, तेव्हा मीच पुढे झालो. बायको म्हणाली, "वहिनींना फोन करून विचारा तरी."

"दुःखातल्या माणसाला कशाला त्रास?"

"साडी निवडायचा त्यांना त्रास होतो हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगावं लागत नाही. कळतं माणसाला."

ती कणीक मळत होती; तिने ती जरा जोरात मळली.

जळगावच्या बाजारात मी एका मोठ्या दुकानात शिरलो आणि गादीवर बसलो. चहा आला. दुकानदार माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा बाप निघाला, त्यामुळे घासाघीस करायचीही सोय राहिली नाही.

"किती नग, सर?"

"तेवीस."

"त्यात साध्या किती?"

"साध्या म्हणजे?"

त्याने आवाज खाली आणला. "म्हणजे घरात कोणी तशा ताई-माई असतील ना. त्यांच्यासाठी आपण वेगळं ठेवतो. गिऱ्हाईकाला मागून आठवतं, मग धावपळ होते."

मी मनात मोजलं. माझी आत्या, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती ऐंशीची. मी जन्मायच्या आधीपासून विधवा. आणि वहिनी.

"दोन," मी म्हणालो.

त्याने खालच्या फळीवरून एक गठ्ठा ओढला. बिस्किटी, राखी, मोतिया, दूध जास्त झालेल्या कॉफीसारखा एक. "यातपण व्हरायटी आहे, सर. पूर्वी पांढरं द्यायचे. आता जमाना बदलला."

शंभर-दीडशे वर्षांच्या समाजसुधारणेने पांढऱ्यापासून बिस्किटापर्यंत मजल मारली होती आणि इतिहासाचा शिक्षक समोर बसून मान डोलावत होता. मी वर विचारलं, "यात काठाची आहे का?" बारीक काठाची निघाली. काठ मागितला म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं. पिवळ्या साड्यांना मरून काठ होता, फोटोत उठून दिसेल असा. रुमाल माझ्या खिशात होता. त्याने मी चष्मा पुसला.

गठ्ठा घेऊन पुढच्या रविवारी एसटीने धुळ्याला गेलो, कारण तेवीस साड्यांना फॉल लावायचं काम अर्थातच वहिनींकडे होतं. त्यांनी गठ्ठा सोडला, साड्या मोजल्या. खाली त्या दोन लागल्या.

इथे एक सांगायला हवं. वहिनी घरात आमच्याशी अहिराणीत बोलतात. त्या शुद्ध मराठीत बोलू लागल्या की काहीतरी बिनसलेलं असतं. बँकेत, दवाखान्यात आणि न आवडलेल्या पाहुण्यांशी त्या शुद्ध बोलतात.

"या दोन कोणाच्या?" त्यांनी विचारलं.

"एक अक्कांची."

दुसरीचं मी बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. सवयीने बोट ओलं करून त्यांनी एका पिवळ्या साडीच्या काठावर घासलं, बोटाकडे पाहिलं आणि ते मशीनवरच्या फडक्याला पुसलं. मग बिस्किटीवर तसंच केलं.

"हिचा रंग पक्का आहे," त्या म्हणाल्या. "फॉल कधीपर्यंत हवेत?"

साडी त्यांना पसंत पडली असं समजून मी परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो आणि पारोळ्यापर्यंत छान झोपलो.

दोन आठवड्यांत त्यांनी तेवीसही साड्यांना फॉल लावले. म्हणजे एकवीस पिवळ्या साड्या त्यांच्या मांडीवरून एकेक करून सरकत गेल्या, आणि शेवटी त्यांनी आपल्या बिस्किटीला बिस्किटी फॉल लावला. हे चित्र मला तेव्हा सुचलं नव्हतं. आता ते जात नाही.

सोमवारी सकाळी चुलतभावाच्या दारात पिवळा जमाव झाला. बायकांनी हळदीकुंकू केलं, फुगड्या सुरू झाल्या. वहिनी बाजूला उभ्या होत्या. कोणीतरी त्यांच्या हातात पर्स दिली. मग दुसरीने दिली. मग मोबाइल आले.

"वहिनी, आमचा फोटो काढा ना."

"काकू, माझ्यातपण एक काढा."

त्या सकाळचे फोटो माझ्याकडे खूप आहेत. एकातही वहिनी नाहीत, कारण सगळे त्यांनीच काढलेले. त्यातल्या एका फोटोत कडेला अक्का आहेत, बिस्किटी साडीत, कोणाच्या तरी चपला सांभाळत. मी त्या सकाळी स्वतःशी म्हटलं होतं की बघा, वहिनींना कसं कामात गुंतवून ठेवलं आहे, बरं वाटत असेल त्यांना.

देवी डोक्यावर घेऊन आम्ही पांझरा नदीकडे निघालो. अर्ध्या वाटेत पावसाची सर आली. मोठी नव्हती, पण माझ्या साड्यांना तेवढी पुरली. मरून काठ पिवळ्यात उतरला, पिवळ्यातून परकरात, परकरातून पायांवर. बायकोच्या पोटऱ्यांवरून तांबडे ओघळ चालले होते. बँडवाल्याने वाजवणं थांबवलं. त्याला वाटलं, कोणाला तरी लागलं. चुलतभावाचा पांढरा सदरा एका बाजूने गुलाबी झाला आणि त्याने तसाच मनोभावे देवीपुढे नारळ फोडला.

अक्का वहिनींच्या शेजारून चालत होत्या. दोघी भिजल्या होत्या, पण जशा निघाल्या तशाच होत्या.

"आपला दोन्हीसना काही गया नही व माय," अक्का म्हणाल्या. "रंग व्हताच कोठे."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत, त्या सात पर्सा पदराखाली धरून चालत होत्या.

जळगावला परतल्यावर बायकोने साडी बादलीत टाकली. पाणी तीन वेळा बदललं.

"वहिनींना विचारलं असतं तर," ती म्हणाली.

"अगं, पाऊस येईल हे कोणाला माहीत होतं? श्रावण आहे म्हणून..."

"मी रंग उतरण्याबद्दल बोलत नाहीये."

मी म्हणालो, "ते मी आदर म्हणून केलं होतं."

"आदर नेहमी फिक्या रंगाचाच असतो का?" तिने साडी पिळली. "उद्या मी गेले तर तुमच्या शर्टाचा रंग कोण ठरवणार? माझा भाऊ? सांगून ठेवते त्याला, राखी घे म्हणून."

आमच्या शाळेत एक सहकारी आहेत. त्यांची पत्नी गेली तेव्हा ते पंधराव्या दिवशी शाळेत आले, निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून. आम्ही त्यांना 'सावरलात, बरं झालं' म्हणालो. तीन महिन्यांनी त्यांनी केस काळे केले. स्टाफरूममध्ये त्याचंही कौतुक झालं, मनाने खंबीर आहेत म्हणून. त्यांच्या शर्टाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात परत जाऊन पाहिलं. छान होता शर्ट.

चूक कळल्यावर माणूस ती सुधारतो असं मी मुलांना सांगतो. मीही सुधारली. बाजारात जाऊन एक गुलाबी साडी घेतली, भडक, दुरून दिसेल अशी, आणि पार्सलने धुळ्याला पाठवली. बायकोला सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं. चार दिवसांनी वहिनींचा फोन आला.

"साडी पोहोचली. चांगली आहे. कोणाला देऊ?"

"तुमच्यासाठी आहे, वहिनी."

"अच्छा. हीपण तुम्हीच ठरवली."

मी विषय बदलला. विषय बदलताना सुचलं तेच विचारलं. "वहिनी, त्या पिवळ्या साड्यांचा रंग जाईल हे तुम्हाला कळलं नव्हतं का? फॉल लावताना?"

"पहिल्याच दिवशी कळलं. तुमच्यासमोरच तर बोट लावलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाही, भाऊ. फॉल लावायला दिल्या होत्या, फॉल लावले. एकाचा तरी धागा सुटला का?"

एकाचाही सुटला नव्हता. एकवीस साड्यांचा रंग गेला आणि फॉल अजून शाबूत आहेत. आमच्याकडे त्या साडीचं पुसणं झालं आहे. त्याच्या कडेला वहिनींचा बारीक टाका मी रोज बघतो.

त्यानंतरच्या श्रावणात एकसारख्या साड्यांचं नाव कोणी काढलं नाही. जिने तिने आपापली नेसली. वहिनींनी बिस्किटी नेसली. इस्त्री केलेली, निऱ्या अशा की पट्टीने आखल्यासारख्या. त्यांच्याकडे दुसरी साडी नव्हती असं नाही, माझी गुलाबीही होतीच. ती बिस्किटी त्यांनी माझ्यासाठी नेसली होती, हे घरात आणखी कोणाला कळलं की नाही ठाऊक नाही. मला कळलं. 'वहिनी, कशा आहात?' मी म्हणालो. 'बरी आहे. आपण कसे आहात?' त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या 'आपण' म्हणून कधीच बोलल्या नव्हत्या. मी रोट खाल्ला आणि जळगावला परत आलो. माफी मागायची ती त्या वर्षीही राहिली.

गेल्या श्रावणाआधी सुनांनी भाऊबंदकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा टूम काढली की एकसारख्या साड्या घेऊ या. पुरुष मंडळी गप्प. मला संधी दिसली. मी घाईने लिहिलं, 'या वेळी निवड वहिनी करतील. त्यांचा मान आहे.' आणि हात जोडलेली तीन चित्रं टाकली.

बायको शेजारी भाजी निवडत होती. तिने फोनमध्ये वाचलं. "विचारलं का त्यांना?"

मी मेसेज काढून टाकला. पण 'हा मेसेज हटवला गेला' हे सगळ्या ग्रुपने वाचलंच, आणि तासाभरात चौघींनी मला फोन करून काय होतं ते विचारलं.

मग मी एसटीत बसलो. वहिनी मशीनवर होत्या. मी समोर स्टुलावर बसलो आणि म्हणालो, "वहिनी, साड्या निवडाल का? नको असेल तर नको म्हणा. तेही चालेल."

त्यांनी दोरा तोडला. "सोबत कोण येणार?"

"मी येतो."

"तुम्ही बाहेर बसायचं."

"बसतो."

"झालं का, झालं का, करायचं नाही."

मी टपरीवर बसलो. ती टपरी नानांचीच, म्हणजे ते बसत ती. चहावाला आता दुसरा आहे. तीन दुकानं झाली, चार चहा झाले. खिशात कागद होता. त्यावर मी माफीचे मुद्दे लिहून आणले होते, एक, दोन, तीन असे, उत्तरपत्रिकेच्या उरलेल्या पानावर. चौथ्या दुकानातून वहिनींनी हात केला. पिशवी धरायला माणूस हवा होता.

आत गेलो तर वहिनी उभ्याच होत्या, जांभळ्या साडीचा पदर गालाला लावून. मला पाहून दुकानदाराचा चेहरा खुलला. आतापर्यंत तो वहिनींशी बोलत होता, आता त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलू लागला.

"या भाऊ, बसा. एकूण तेवीस ना? त्यात साध्या किती टाकू?"

गालावरचा पदर तिथेच थांबला. वहिनींनी वळून पाहिलं नाही. आरशात त्यांचे डोळे खाली होते.

"एकही नाही," मी म्हणालो. "तेवीसच्या तेवीस, त्या म्हणतील त्या."

अक्कांनाही त्यात धरून मी बोलून गेलो होतो, पुन्हा न विचारता. पण वहिनींनी सकाळीच अक्कांना फोन केला होता, हे मला नंतर कळलं. 'काठ मोठा लेजो,' एवढंच अक्का म्हणाल्या होत्या.

वहिनींनी पिशवी माझ्या हातात दिली. रुमाल काढला, ओला केला, काठावर घासला. काठ मोहरीसारखा पिवळा होता आणि चांगला चार बोटं रुंद. रुमाल पांढराच राहिला. त्यांनी तो दुकानदारालाही दाखवला. मग साडी घेऊन त्या पायऱ्या उतरल्या आणि मी मागोमाग गेलो.

"धरा," त्या म्हणाल्या.

मी एक टोक धरलं. दुसरं त्यांनी धरलं. भर रस्त्यात, दुचाक्या आणि रिक्षा आम्हाला वळसा घालून जात असताना, आम्ही ती साडी उन्हात ताणून उभे राहिलो. ढगातून ऊन जेमतेम आलं होतं. मी एका हाताने खिशातला कागद चाचपत होतो आणि साडीचं टोक सुटत होतं.

वहिनींनी कापडावरची नजर न काढता विचारलं, "भाऊ, काय सांगानं शे ते सांगा ना. ऊन जाई राहिनं."

दोन वर्षांनी त्या माझ्याशी अहिराणीत बोलल्या. कागद खिशातच राहिला.

"वहिनी," मी म्हणालो, "तुमचा रंग मी ठरवला. नाना गेले, आता ते आपणच ठरवायचं असं मला वाटलं. तुम्हाला विचारलं नाही. ती साडी मी द्यायला नको होती, आणि दिल्यावर दोन वर्षं असं गप्प बसायला नको होतं. माझं चुकलं. मला माफ करा."